परदेशातला तिसरा पत्ता

पोस्ट मोठी आहे. पण ज्यांच्या घरातलं पोर परदेशात गेलंय किंवा जायच्या तयारीत आहे, त्यांनी सवडीने वाचावी ही विनंती.

परदेशात उतरलेल्या माणसाला पहिल्या आठवड्यात दोन पत्ते पाठ करावे लागतात. एक राहायचा, दुसरा कॉलेजचा नाहीतर कामाचा. हे दोन्ही पत्ते कागदावर असतात. एजंट देतो, विद्यापीठ देतं, विमानतळावरचा अधिकारीही तेच विचारतो. तिसरा पत्ता मात्र कुठल्याच फॉर्मवर नसतो. संध्याकाळी जाऊन नुसतं बसता येईल, कुणीतरी "नवीन दिसतोस, कुठला तू?" असं विचारेल, आणि चार दिवस दिसलो नाही तर कुणाच्या तरी लक्षात येईल, अशी जागा. बहुतेक मुलं ती जागा शोधत राहतात. सापडली तर सापडली, नाहीतर खोली, काम आणि मोबाइल.

एका समाजाने हा तिसरा पत्ता नशिबावर सोडलेला नाही. इस्माइली समाज. त्यांच्याकडे या जागेला नाव आहे, जमातखाना. त्यांचा माणूस टोरांटोला उतरो, लंडनला उतरो की लिस्बनला, त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "इथे जमातखाना कुठे आहे?" आणि बहुतेक वेळा त्याला उत्तर मिळतं. आजची पोस्ट त्या उत्तराबद्दल आहे. आणि आपण मराठी माणसं असंच उत्तर का देऊ शकत नाही, याबद्दलही.

आधी हे लोक कोण ते सांगतो, कारण आपल्याकडे फार गोंधळ असतो. महाराष्ट्रातल्या कितीतरी बाजारपेठांत किराणा, कापड, हार्डवेअरची जुनी दुकानं खोजा कुटुंबांची आहेत. 'ख्वाजा' या फारसी शब्दावरून 'खोजा' आलं. मूळ कच्छ, काठियावाडकडचे व्यापारी. घरात कच्छी किंवा गुजराती, बाजारात मराठी. लोक त्यांना सर्रास बोहरी समजतात. दोन्ही समाज शिया पंथाच्या इस्माइली परंपरेतले असले तरी वेगळे आहेत. बोहऱ्यांचे धर्मगुरू सय्यदना. मी ज्यांच्याबद्दल लिहितोय ते निझारी इस्माइली, त्यांचे इमाम आगाखान. चौथे आगाखान, प्रिन्स करीम, ४ फेब्रुवारी २०२५ रोजी लिस्बनमध्ये वारले. आता त्यांचे पुत्र प्रिन्स रहीम हे पन्नासावे इमाम आहेत.

आगाखान म्हटलं की आपल्याला पुण्याचा पॅलेस आठवतो. गांधीजींना १९४२ ते १९४४ तिथे ठेवलं होतं, महादेवभाई आणि कस्तुरबा तिथेच गेले. तो वाडा तिसऱ्या आगाखानांनी १८९२ साली बांधला. दुष्काळात लोकांच्या हाताला काम मिळावं म्हणून बांधला असं सांगतात. १९६९ साली चौथ्या आगाखानांनी तो गांधीजींच्या स्मरणार्थ देऊन टाकला. पहिले आगाखान इराणहून आले आणि मुंबईत स्थिरावले. १८८१ साली ते वारले, त्यांची कबर माझगावला हसनाबादमध्ये आहे. म्हणजे आज जगातल्या पंचवीसहून अधिक देशांत पसरलेल्या या समाजाच्या इतिहासातलं एक मोठं प्रकरण आपल्या मुंबईत घडलंय. परका विषय नाही हा.

आता जमातखान्याचं कसं चालतं ते. आमच्या तालुक्याच्या गावातल्या एका हार्डवेअर दुकानदाराचा मुलगा शिकायला कॅनडात गेला. मराठी माध्यमातून दहावी झालेला. टोरांटोजवळच्या उपनगरात पाच जणांत एक बेसमेंट. पाचातले तिघे आपल्याच जिल्ह्यातले. त्याच्याशी फोनवर बऱ्याचदा बोलणं होतं, त्याने सांगितलेलं लिहितो.

जायच्या आधी त्याच्या वडिलांनी गावातल्या मुखींना सांगितलं, मुलगा अमुक शहरात चाललाय. मुखी म्हणजे जमातखान्याचा प्रमुख, त्याच्या जोडीला कामडिया. ही पदं मानाची, पगार नाही. नेमणूक ठरावीक काळासाठी असते, मग दुसरा येतो. आपापली नोकरी, दुकान सांभाळून लोक ही जबाबदारी घेतात. गावच्या मुखींनी मुंबईला विचारलं, मुंबईहून तिकडचा पत्ता आला. विमानात बसायच्या आधी पोराच्या खिशात तिसरा पत्ता होता.

तो पहिल्यांदा गेला तो सोमवार होता. शनिवार-रविवार नव्हे, सण नव्हे, साधा सोमवार. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे. जमातखाना रोज भरतो. पहाटे, उजाडायच्या आधी, आणि संध्याकाळी. दुआ होते, गिनान म्हटली जातात. बायका आणि पुरुष एकाच सभागृहात असतात, आणि दुआ पढवायला बाईही पुढे येते, पुरुषही.

"काका, बाहेरून मला पटेचना," तो म्हणाला. "घुमट नाही, मिनार नाही. शेजारी टायरचं दुकान. वाटलं चुकलो." दारात गणवेशातला स्वयंसेवक उभा होता. तो म्हणाला, "या अली मदद." याने उत्तर दिलं, "मौला अली मदद." आत घेतलं. बाजूला फारसी वळणाचं बोलणारे अफगाण, पलीकडे ताजिकिस्तानचे, पुढे युगांडा-टांझानियाहून आलेल्या घरांतले म्हातारे. त्यांची कच्छी याला अर्धीच कळेना, कारण तिच्यात स्वाहिली मिसळलेली. मग गिनान सुरू झालं, आणि ते त्याच्या आजीचं गिनान निघालं. गिनान म्हणजे जुन्या पीरांच्या नावावर चालत आलेली भजनं. गुजराती, सिंधी, कच्छी, हिंदी अशा आपल्याच भाषांतली. अवतीभवती कुणाचंच बोलणं धड कळत नव्हतं, पण ते गिनान त्याला तोंडपाठ होतं.

दुआ संपल्यावर नांदी झाली. नांदी म्हणजे लोकांनी श्रद्धेने आणलेले अन्नपदार्थ, त्यांचा तिथेच लिलाव होतो. जो बोली लावेल तो घरी नेतो, पैसे जमातीला. याने एक डबा बिर्याणी घेतली. त्या रात्री बेसमेंटमधल्या पाचही जणांनी ती खाल्ली. निघताना मुखींनी नाव, कॉलेज, राहायची जागा विचारून घेतली. पुढच्या आठवड्यात कुणाचा तरी फोन आला. थंडीचं जाकीट आहे का, बँकेचं काम झालं का, अर्धवेळ काम शोधताना कुणाला पैसे देऊ नकोस. बस, एवढंच. घर दिलं नाही, नोकरी दिली नाही. पण अडलं तर फोन कुणाला करायचा हे त्याला कळलं.

त्याच बेसमेंटमधल्या आपल्या तीन मुलांना हे कळलेलं नव्हतं. ती मुलं हुशार नव्हती असं नाही. त्यांना विचारायला कुणी नेमलेलंच नव्हतं.

हे सगळं आपोआप झालेलं नाही. त्यामागे एक मोठा धक्का आहे. ऑगस्ट १९७२ मध्ये युगांडाच्या इदी अमीनने आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडायला सांगितलं. दोन-दोन, तीन-तीन पिढ्यांचे धंदे, घरं, सगळं सोडून लोक निघाले. त्यात गुजराती हिंदू होते, गोव्याचे ख्रिस्ती होते, शीख होते, आणि इस्माइली मोठ्या संख्येने होते. कॅनडाने त्या वेळी हजारो लोकांना घेतलं. आगाखानांचे काका प्रिन्स सद्रुद्दीन तेव्हा संयुक्त राष्ट्रांचे निर्वासितांसाठीचे उच्चायुक्त होते. एका सुटकेसवर उतरलेल्या या माणसांनी आधी कुणाच्या घरात, भाड्याच्या हॉलमध्ये, शाळेच्या जिममध्ये जमातखाने भरवले. आजही जिथे चार-दहा घरं आहेत तिथे मोठी इमारत नसतेच.

पुढे इमारती आल्या. १९८५ मध्ये लंडनच्या साउथ केन्सिंग्टनमध्ये, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमच्या अगदी समोर, इस्माइली सेंटर उघडलं. उद्घाटन मार्गारेट थॅचर यांनी केलं. त्याच वर्षी कॅनडात व्हँकूवरजवळ बर्नबीला. १९९८ मध्ये लिस्बनला, मग दुबई, दुशान्बे. २०१४ मध्ये टोरांटोला, आणि त्या टोरांटोच्या सेंटरचे वास्तुरचनाकार आपले चार्ल्स कोरिया. मूळ गोव्याचं घराणं, आयुष्य मुंबईत, नवी मुंबईची कल्पना मांडणाऱ्यांपैकी एक. प्रार्थनागृहावर त्यांनी दुधी काचेचं टोकदार छत चढवलंय. निर्वासितांची पोरं तोवर तिथल्या सार्वजनिक जीवनात कुठे पोचली होती बघा. टांझानियाहून आलेल्या इस्माइली आईवडिलांचा मुलगा नाहीद नेन्शी २०१० साली कॅल्गरीचा महापौर झाला आणि २०२१पर्यंत राहिला.

आता मुद्द्याची अडचण. या इमारतींच्या आत एक दार आहे, ते तुमच्या-माझ्यासाठी उघडत नाही. दुआच्या वेळी प्रार्थनागृहात फक्त इस्माइलींना प्रवेश असतो. माझ्या ओळखीतल्या, तिकडे स्थायिक झालेल्या काही मराठी मंडळींचा याच गोष्टीवर राग आहे. "दुसऱ्याच्या देशात जाऊन बंद दारं कशाला? आमच्या देवळात कुणीही येतं." हा युक्तिवाद मी इतक्यांदा ऐकलाय की त्याला नीट उत्तर द्यावंसं वाटतं.

पहिलं, देवळात कुणीही येतं हे आपण जरा जपून बोलावं. गाभाऱ्यात कुणी जायचं यावर महाराष्ट्रात किती आंदोलनं झाली, किती साली झाली, हे आपल्याला माहीत आहे. साने गुरुजींना १९४७ साली पंढरपूरच्या मंदिरासाठी उपोषण करावं लागलं होतं.

दुसरं, सावध राहण्याची कारणं या लोकांकडे आहेत. १३ मे २०१५ रोजी कराचीत सफूरा गोठजवळ इस्माइलींची बस अडवून चाळीसहून अधिक माणसं गोळ्या घालून मारली. त्यात बायकाही होत्या. २८ मार्च २०२३ रोजी लिस्बनच्या सेंटरमध्ये एका निर्वासिताने चाकूहल्ला केला, तिथे काम करणाऱ्या दोन महिला गेल्या. त्या निर्वासितांनाच मदत करत होत्या. असं झाल्यावरही सेंटरं चालू राहिली. मग दारात कुणी नाव विचारलं तर त्यात अपमान वाटून घेण्यासारखं काय आहे?

तिसरं आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. त्यांनी प्रार्थना आणि इमारत यांत फरक केलाय. प्रार्थनागृह त्यांचं. पण ग्रंथालय, सभागृह, बाग, प्रदर्शनाची जागा यांत इतरांचं स्वागत असतं. लंडनचं सेंटर तिथल्या 'ओपन हाऊस'च्या दिवसांत लोकांना बघायला खुलं असतं. टोरांटोला सेंटर आणि आगाखान म्युझियम यांच्यामध्ये मोठी बाग आहे, तिथे कुणीही जाऊन बसतं. कुठलं दार उघडं आणि कुठलं बंद, हे आधीच स्पष्ट सांगितलेलं आहे. ज्याला आत यायचं नाही हे आधीच माहीत असतं, त्याला कुणी हाकलल्यासारखं वाटत नाही.

आता दुसरं दार. आपलं.

हाच मुलगा, सहा महिन्यांनी, एका मराठी मंडळाच्या गणेशोत्सवाला गेला. मंडळाचं नाव घेत नाही, कारण प्रश्न एका मंडळाचा नाही. बेसमेंटमधल्या मित्रांबरोबर गेला. त्याला आरत्या येतात. आमच्या गावात गणपतीच्या वर्गणीच्या पावतीपुस्तकात त्याच्या वडिलांच्या दुकानाचं नाव मी लहानपणापासून बघत आलोय. नोंदणीच्या टेबलावर एक काकू बसल्या होत्या. त्यांनी नाव विचारलं. नाव ऐकून थांबल्या. मग हसून म्हणाल्या, "अरे वा! मग मराठी कसं काय येतं तुला इतकं छान?"

काकूंच्या मनात काही वाईट नव्हतं, हे तोच मला चार वेळा म्हणाला. प्रसाद दिला, जेवायला बसवलं. पण तो पुढच्या वर्षी गेला नाही. मी विचारलं तर म्हणाला, "काका, जमातखान्यात मला कुणी विचारलं नाही की तुला गिनान कसं काय येतं."

यावर मी बरेच दिवस विचार करतोय. त्याला पूजेसाठी एक जागा मिळाली, रोजची, हक्काची. पण तिथे मराठी नाही. तिथल्या कुणाला त्याच्या शाळेतले मास्तर, पोळ्याच्या दिवशीचा बाजार, एसटी स्टँडवरची मिसळ यातलं काही कळणार नाही. त्यासाठी त्याला आपण लागतो. धर्म त्याचा त्याच्याकडे आहे. भाषा त्याची आणि आपली एकच आहे. आणि त्या भाषेच्या दारात आपण त्याला पाहुणा केला.

प्रार्थनेचं दार बंद असणं मला समजू शकतं, कारण प्रार्थना ज्याची त्याची असते. भाषेचं दार मात्र कुणाच्या आडनावावर उघडायचं आणि बंद व्हायचं? श्रीगोंद्याचे शेख महंमद मराठीत लिहीत होते तेव्हा त्यांना कुणी विचारलं नसेल, मराठी कसं काय येतं. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात शाहीर अमर शेखांचा डफ वाजला तो मराठीतच. हमीद दलवाईंनी मराठीत लिहिलं. ही नावं आपण १ मेच्या भाषणात घेतो. मग टोरांटोच्या टेबलावर भुवई का वर जाते?

आपल्या दारावर कुठेही पाटी नाही की अमुक लोकांना प्रवेश नाही. घटना वाचली तर सर्व मराठी भाषकांसाठी असंच लिहिलेलं सापडेल. त्यांचा नियम बंद आहे आणि तो ते सांगतात. आपला नियम उघडा आहे आणि सवय बंद आहे. यातलं जास्त लागणारं कुठलं, ते त्या मुलाला विचारा.

आता उलट बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर हे एकतर्फी होईल.

मंडळांवर टीका करणं सोपं आहे. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे. उत्तर अमेरिकेतल्या मंडळांना जोडणारं बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून. नोकऱ्या सांभाळून, घरचे पैसे घालून लोकांनी ही मंडळं टिकवली. शाळा चालवल्या, नाटकं नेली, दिवाळी अंक काढले. जमातखान्यामागे इमाम आहेत, श्रद्धा आहे, जगभर पसरलेली कौन्सिलं आहेत. भाषेच्या मंडळाकडे असला आधार नसतो. श्रद्धेपोटी माणूस पहाटे चारला उठतो, भाषेपोटी कुणी उठत नाही. हे मान्य.

शिवाय जमातखाना म्हणजे स्वर्ग नाही. जिथे सगळे ओळखतात तिथे सगळ्यांचं लक्षही असतं. कोण आला, कोण आला नाही, कोण कुणाबरोबर फिरतो. ज्याला श्रद्धा उरली नाही किंवा ज्याने समाजाबाहेर संसार मांडला, त्याला तीच ऊब जड होऊ शकते. मुखी नेमलेला असतो, तो मतदानाने निवडत नाहीत. आणि समाजाची मालमत्ता कुणाच्या ताब्यात, समाज कुणाचा, यावरून १८६६ साली मुंबई हायकोर्टात गाजलेला खटला झाला. न्यायमूर्ती आर्नोल्ड यांनी आगाखानांच्या बाजूने निकाल दिला आणि ज्यांना तो मान्य नव्हता त्यांनी वेगळी वाट धरली. म्हणजे घट्ट समाजात आतल्यांना आसरा असतो आणि मतभेद असणाऱ्याला किंमत मोजावी लागते. हे दोन्ही एकाच घडीत येतं.

त्यामुळे मराठी मंडळांनी जमातखाना व्हावं असं मी म्हणत नाही. होऊही नये. भाषेचं घर सैलच असावं. पण त्यांच्याकडून तीन साध्या गोष्टी उचलता येतात. त्यांना ना इमाम लागतो ना कोटीची इमारत.

एक, नेमलेला माणूस. प्रत्येक मंडळात अध्यक्ष, सचिव, खजिनदार असतात. नव्याने आलेल्यांसाठी एक पद का नसावं? वर्षभरासाठी एक व्यक्ती, शक्य तर एक बाई आणि एक पुरुष. काम एकच. फोन उचलायचा. जागेचा करार सही करण्याआधी कुणाला दाखवायचा, आजारी पडलं तर कुठे जायचं, मालकाने पगार बुडवला तर तक्रार कुठे करायची, एवढं सांगता आलं पाहिजे. वर्ष संपलं की दुसऱ्याने घ्यायचं. एकाच उत्साही माणसावर भार पडला की तो थकतो आणि काम बंद पडतं, हे आपण गावच्या वाचनालयापासून बघतोय.

दोन, साधा वार. आपण भेटतो गणपतीला, संक्रांतीला, दिवाळीला. सणाच्या दिवशी माणूस तसा एकटा नसतोच. तो एकटा असतो फेब्रुवारीतल्या मंगळवारी, बाहेर बर्फ, आत कुणाशी बोलणं नाही, घरी फोन केला तर आई रडेल म्हणून फोनही नाही. रोज जमणं आपल्याला झेपणार नाही. आठवड्यातली एक संध्याकाळ झेपेल. सार्वजनिक वाचनालयातली एक खोली, चहाचा थर्मास, दोन तास. कार्यक्रम नको, पाहुणे नकोत, पुष्पगुच्छ तर नकोच.

तीन, आडनाव न विचारणं. नाव विचारावं, गाव विचारावं, जेवलास का विचारावं. "मराठी कसं काय येतं" हे विचारू नये. ज्याला येतं तो आपला, ज्याला शिकायचंय तोही आपला. हा प्रश्न फक्त मुसलमान मुलाला येतो असंही नाही. मराठी ख्रिस्ती मुलांना येतो. आडनावावरून जात चाचपण्याचा खेळ तर आपण सातासमुद्रापार नेलाय. कित्येक मुलं तिकडे जाऊनही आपल्याच लोकांपासून लांब राहतात ती यामुळे. त्यांना वाटतं, ज्याच्यापासून सुटून आलो तेच इथे टेबल मांडून बसलंय.

आता पालकांसाठी. आमच्यासारख्या गावांतून मुलं बाहेर चाललीत ती शेत गहाण टाकून, घर तारण ठेवून. कॅनडाने १ जानेवारी २०२४ पासून विद्यार्थ्याने दाखवायची खर्चाची रक्कम १०,००० डॉलरवरून २०,६३५ डॉलर केली. त्याच महिन्यात विद्यार्थी परवान्यांवर मर्यादाही जाहीर झाली. आता चूक करायला जागा कमी आणि कर्ज जास्त. अशा वेळी एजंटला फी देताना आपण कॉलेजचं नाव, व्हिसाची टक्केवारी, पगार विचारतो. त्याच्याबरोबर हेही विचारा, माझ्या मुलाला तिथे उतरल्यावर कोण ओळखेल? एजंटकडे उत्तर नसेल. मग स्वतः शोधा. त्या शहरात कुठलं मंडळ आहे, गावातला कोण तिथे आहे, गुरुद्वारा कुठे आहे. हो, गुरुद्वाराही लिहून ठेवा. लंगरमध्ये कुणाला आडनाव विचारत नाहीत, आणि परदेशात अडलेल्या आपल्या किती पोरांनी तिथे जेवून दिवस काढलेत हे ती पोरं घरी सांगत नाहीत.

गावच्या मुखींनी जे केलं ते फार मोठं नव्हतं. त्यांनी मुलगा कुठे चाललाय हे विचारलं आणि एक निरोप पुढे पाठवला. आपल्या ग्रामपंचायतीकडे, शाळेकडे, तालुक्याच्या एकाही संस्थेकडे आज अशी यादी नाही की आपली किती मुलं कुठल्या शहरात आहेत. माजी विद्यार्थी मेळावा घेतो तेव्हा आपण देणगीसाठी फोन नंबर गोळा करतो. तेच नंबर शहरवार लावून ठेवले तर पुढच्या पोराला देता येतील. ज्या शाळेतून शिकला त्या शाळेने निघताना हातात दोन नंबर द्यावेत, यात खर्च काही नाही.

आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांपुरतं हे काम मी आणि दोन शिक्षकमित्रांनी सुरू केलंय. आत्तापर्यंत यादीत सत्तावीस नावं आहेत. टोरांटोच्या खाली जे पहिलं नाव आहे ते या मुलाचं आहे. त्याने स्वतःहून सांगितलं, माझा नंबर द्या, कुणीही असो, मराठी बोलणारा असला की पुरे.

मंडळांच्या पदाधिकाऱ्यांपैकी कुणी हे वाचत असेल तर एवढंच करा. येत्या सभेत नव्याने येणाऱ्यांसाठी एक माणूस नेमा, आणि त्याचा नंबर मला कळवा. मी यादीत शहराच्या नावापुढे लिहून ठेवतो.